आजाराचं विरजण

शनिवारी सकाळी थोरलीनं पिल्लांच्या खोलीच्या कडीला बांधलेली लाल चिंधी सोडली, दार ढकललं, आणि पाऊल आत टाकायच्या आधीच तिला कळलं. नासलेल्या दुधाचा आंबट वास. बारा वर्षांत हा वास आला नव्हता, पण नाक काही विसरत नाही.

भुरी डुकरीण आडवी पडली होती. तिची अकरा पिल्लं कालपर्यंत आचळांवरून एकमेकांना ढुशा देत होती. आज ती तिच्या पोटावर, पाठीवर, ऊब मिळेल तिथं चढून कुडकुडत होती. शेपट्यांखालून पिवळं पाणी ओघळत होतं. एकानं तोंड उघडलं आणि दुधाच्या गुठळ्या ओकल्या. थोरलीनं त्याला उचललं, तर ते ओल्या मोज्यासारखं हातात लोंबलं.

"अहो, इकडं या," तिनं हाक मारली. "आलंय ते."

नवरा खुराकाची बादली घेऊन आला. पाठीत उसण भरल्यापासून तो एका अंगाला झुकून चालायचा, त्यामुळे बादलीच त्याला ओढत आणतेय असं वाटायचं.

"काय आलंय?"

"बारा वर्षांपूर्वीचं."

"सकाळी सकाळी अभद्र बोलू नकोस. थंडी आहे, पोट बिघडलं असेल."

"थंडीला असा वास येतो होय?"

नवऱ्यानं वास घेतला आणि बादली खाली ठेवली.

थोरली चाळीस वर्षांपूर्वी या घरात थोरली सून म्हणून आली. आता तिचे गुडघे गेले, केस गेले, तरी वस्ती तिला थोरलीच म्हणत होती. डुकरिणीच्या नुसत्या श्वासावरून ती सांगायची की आज व्यायची की उद्या. या कामात तिचा हात धरणारी एकच बाई होती, तिची सासू, आणि ती जाऊन चार वर्षं झाली होती.

रोग आपोआप येत नाही. पायांनी येतो, चाकांनी येतो, पिशवीतून येतो. थोरली बाहेर आली आणि खाली बघत शेडच्या दाराशी फिरली. उंबऱ्याबाहेर चुन्याचा पट्टा टाकलेला असायचा, येणाऱ्यानं त्यात पाय देऊन यावं म्हणून. चुन्यात ठसे होते. तिचे, नवऱ्याचे, आणि एक तिसरा. गमबुटाचा, टाचेला आडवी चीर.

"हं," थोरली म्हणाली.

चिरलेल्या टाचेचे गमबूट वस्तीत एकीच्याच पायात होते. तिच्या धाकट्या जावेच्या.

*

दोघी एकाच घरात पंचवीस वर्षं नांदल्या. एकाच चुलीपुढं बसल्या, एकाच कप्प्यात गुडघाभर घाणीत उभ्या राहून दोघींनी अडलेल्या डुकरिणी सोडवल्या. रात्री अंगाचा वास जाईना तेव्हा दोघी एकमेकींची पाठ घासायच्या आणि हसायच्या. सात वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली, मधे तारेचं कुंपण आलं, आणि सासू धाकटीकडं राहायला गेली. तिथंच गेली. जाताना काय काय सांगून गेली असेल, कोणतं औषध, कोणता उपाय, हे थोरलीच्या मनात कुसळासारखं टोचत होतं. थोरली मी, आणि शेवटचं पाणी पाजलं हिनं.

बुधवारी धाकटी आली होती खरी. वाऱ्यानं खांब पडून सोमवारपासून वस्तीची वीज गेली होती. फ्रीझरमधलं सगळं वितळलं. बुधवारी दुपारी थोरली शेडमधे फ्रीझर उपसून बसली होती, आजूबाजूला डबेच डबे, हात चरबीनं कोपरापर्यंत माखलेले. तेवढ्यात शेडच्या दारात धाकटी.

"जाऊबाई, एक विचारायचं होतं."

थोरलीनं वर बघितलंसुद्धा नाही. "इतकी वर्षं न विचारता चाललंय ना तुझं? मग आताही चालू दे."

धाकटी थोडा वेळ उभी राहिली होती. डब्यांकडं बघत होती. मग गेली.

डब्यांकडं बघत होती! ते आता थोरलीला आठवलं. विचारायला आली म्हणे. टेहळणीला आली होती.

तिनं मेलेली दोन पिल्लं घमेल्यात घातली आणि कुंपणाशी गेली. पलीकडं धाकटी वाळलेल्या गवताचे भारे रचत होती.

"काय गं धाकटे, तुझी पिल्लं बरी आहेत ना?"

"माझ्या अजून व्यायच्या आहेत. साडेतीन आठवडे आहेत. का?"

"म्हणजे मधल्या काळात दुसऱ्याच्या दारात पाय घासायला मोकळी."

धाकटीला घमेलं दिसलं. तिचा चेहरा उतरला. "किती गेली?"

"मोजायची आहेत होय? बुधवारी कुठनं आली होतीस? बाजारातनं? कुणाच्या शेडमधनं?"

"घरातनं आले होते. आणि कशाला आले होते ते ऐकून घ्यायला तुम्हाला वेळ नव्हता."

"चोर तो चोर, वर शिरजोर!"

धाकटीनं हातातला भारा खाली टाकला. ती काहीतरी बोलणार होती. मग ती म्हणाली, "तुम्हाला सांगून उपयोग नाही, जाऊबाई. तुमचं आधीच ठरलेलं असतं." आणि पाठ फिरवून चालू लागली. चिरलेली टाच प्रत्येक पावलाला चपचप वाजत होती.

*

सोमवारी गुरांचे डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर एक बाई होती, चष्मा लावलेली, हातात बर्फाची पेटी. ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून आली होती. तोवर चार डुकरिणींची मिळून एकवीस पिल्लं गेली होती. बाईनं कापसाच्या काड्या काढल्या, पिल्लांच्या शेपटीखाली फिरवल्या आणि एकेक काडी बाटलीत बंद केली. मग नुकतंच मेलेलं एक पिल्लू फळीवर घेऊन उघडलं. आतडं पाण्यानं फुगलं होतं आणि इतकं पातळ झालं होतं की त्यातून फळीच्या रेघा दिसत होत्या.

थोरली हात बांधून उभी होती. "बाटल्यांवर नाव कुणाचं घालणार?"

"नाव नाही, आकडा."

"आकडा बदलला तर?"

"अगं," नवरा म्हणाला.

"विचारू द्या त्यांना," बाटलीवाली म्हणाली. तिचं नाव थोरलीनं तेव्हाच बाटलीवाली ठेवलं. "नाही बदलत. मी स्वतः लिहिते."

"आणि नेऊन करणार काय?"

"आतला विषाणू वेगळा काढायचा. मग वाढवायचा."

"वाढवायचा?" थोरलीनं नवऱ्याकडं बघितलं. "ऐकलंत? आमची मरतायत आणि या वाढवणार."

बाई हसली. "ओळखायचा तर हातात पुरेसा पाहिजे ना. आमच्याकडं बाटलीत जिवंत पेशींचा पातळ थर असतो. त्यात हा थेंबभर टाकायचा. दुधाला विरजण लावतो तसंच. चिमूटभर जिवंत असेल तर बाटलीभर होतो."

विरजण. तो शब्द थोरलीच्या कानात खड्यासारखा पडला. आधी कुणीतरी म्हटला होता, इथंच, शेडमधे. पण तेवढ्यात भुरी उठली आणि बसताना एका पिल्लावर बसली. ते ओरडलंही नाही. शब्द तिथंच राहिला.

डॉक्टरांनी कागद काढला. नवी जनावरं आणली का? नाही. खाद्य बदललं का? नाही. बाहेरचं कोण आलं होतं?

नवरा खोकला. थोरली म्हणाली, "लिहा. माझी धाकटी जाऊ. बुधवारी. पाय न धुता."

"चुन्यात पाय दिसला तुलाच," नवरा पुटपुटला. "म्हणजे चुन्यात पाय दिला तिनं."

"तुम्ही मधे बोलू नका. भावजय म्हटलं की तुम्हाला कंठ फुटतो."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. जाताना बाटलीवालीनं धाकटीच्या शेडमधलेही नमुने घेतले, आणि कुणी आत-बाहेर करू नये म्हणून डॉक्टरांनी तिच्या फाटकाला लाल दोरी बांधली. थोरलीच्या फाटकालाही बांधली. पण वस्तीत बातमी दोरीच्या पुढं धावली. रोग धाकटीनं आणला.

*

पुढचे दिवस पुरण्याचे होते. नवऱ्याला वाकता येत नव्हतं, म्हणून खड्डा थोरली खणायची. जमीन थंडीनं कडक झाली होती, पहारीचा प्रत्येक घाव खांद्यापर्यंत झिणझिण्या आणायचा. पिल्लं, चुना, माती, परत चुना. तळहातांना चुन्यानं भेगा पडल्या. त्या भेगांत घाण जायची आणि चरचरायची. चारही डुकरिणींची पिल्लं गेली. डुकरिणी तटतटलेल्या आचळांनी उभ्या राहायच्या, आणि कुणी आत आलं की घशातून तो आवाज काढायच्या, पिल्लांना दुधाला बोलवायचा. बोलवून थांबायच्या आणि परत बोलवायच्या.

"कान बंद करता आले असते तर बरं झालं असतं," एकदा नवरा म्हणाला.

कुंपणापलीकडचं थोरलीला सगळं दिसायचं, कारण ती बघायची. खाद्याची गाडी आता धाकटीच्या फाटकाशी थांबत नव्हती. गाडीवाला पोती वरच्या वळणावर टाकून जायचा. धाकटी आणि तिचा नवरा दोघं ती डोक्यावरून खाली आणायची. एकदा एक पोतं फाटलं. धाकटी रस्त्यावर बसून भरडा ओंजळीनं गोळा करत होती. शेजारून सायकलवाला गेला, त्यानं नाकाला रुमाल लावला. रोग डुकरांचा, आणि रुमाल माणसासाठी.

थोरली पहार टेकून बघत राहिली. बरं वाटायला हवं होतं.

"पुरावा काय आहे तुझ्याकडं?" रात्री नवऱ्यानं विचारलं.

"ठसा आहे."

"ठसा म्हणजे ती आली होती. रोग आला होता असं नाही."

"मग कुठनं आला? आभाळातनं पडला?" तिनं ताट पुढं ढकललं. "खाद्यवाल्यावर मला आधीपासून संशय आहे. तो तुमचा डॉक्टरही दहा शेडमधे फिरून येतो. आणि ती बाटलीवाली. कोण कुणाचं मिंधं आहे कुणाला ठाऊक."

"मी राहिलो फक्त."

"तुम्हीही बुधवारी कुठं गेला होतात?"

नवरा हात धुवायला उठला.

*

साडेतीन आठवड्यांनी बाटलीवाली डॉक्टरांबरोबर परत आली. या वेळी पेटी नव्हती, कागदांची फाइल होती. ती पिल्लांच्या खोलीबाहेर पालथ्या टोपलीवर बसली.

"दोन वेळा काहीच आलं नाही," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा त्यानं पेशी धरल्या. हा विषाणू वाढायला लागला की शेजारशेजारच्या पेशींच्या भिंती पडतात आणि त्यांची एकच मोठी खोली होते. ते दिसलं, तेव्हा खात्री झाली."

"कशाची?"

"हाच तो. आतड्याचा. मग आम्ही त्याची अक्षरं वाचली."

"अक्षरं?"

"प्रत्येक विषाणूच्या पोटात एक पत्र असतं म्हणा ना. याचं अठ्ठावीस हजार अक्षरांचं आहे. तो वाढतो म्हणजे त्या पत्राची नक्कल करतो, आणि नकलेत चुका होतात. दरवर्षी दहापंधरा. त्या चुकांवरून कळतं कोण कुणाचा, कुठून आला."

थोरली पुढं झुकली. "मग? कुठनं आला?"

"तुमच्या जावेच्या शेडमधे नाहीये. तिचे सगळे नमुने स्वच्छ आहेत."

"बाटल्या बदलल्या असतील."

"नाही बदलल्या." बाई चिडली नाही. "आजूबाजूला सध्या जो फिरतोय, त्याच्याशीही हा जुळत नाही. म्हणून आम्ही जुने साठवलेले नमुने काढले. बारा वर्षांपूर्वी या वस्तीतून एक आला होता. याच शेडमधून. त्याच्याशी जुळला. अठ्ठावीस हजारात फक्त दोन अक्षरं वेगळी."

"म्हणजे तोच परत आला," नवरा म्हणाला.

"तेच तर कोडं आहे. बारा वर्षं तो फिरत असता, एका डुकरातून दुसऱ्यात, तर शेदीडशे चुका दिसल्या असत्या. हा म्हाताराच झालेला नाही. हा इतकी वर्षं कुठंतरी झोपला होता." तिनं चष्मा काढून पुसला. "थंडीत झोपला की तो टिकतो. आजी, तुमच्याकडं फ्रीझर आहे का?"

आत डुकरिणीनं कप्प्याच्या गजाला अंग घासलं आणि दार हललं. कडीला बांधलेली लाल चिंधी हलली.

थोरली चिंधीकडं बघत राहिली.

सासू. याच खोलीत, कमरेला पदर खोचून, पाट्यावर मेलेल्या पिल्लांची आतडी वाटत बसलेली. थोरली आणि धाकटी नाकाला फडकं लावून समोर उभ्या. सासू म्हणत होती, नाक काय धरता गं, बाळंतपणात नाही धरलंत. ज्यांना व्यायला महिन्याहून जास्त अवकाश आहे, त्या गाभणींच्या खुराकात हे चिमूटभर घालायचं. त्या दोन दिवस हगतील, आणि मग त्यांच्या दुधातून पिल्लांना बळ मिळेल. पिल्लांच्या खोलीत मात्र याचा थेंब न्यायचा नाही. उरलेलं तिनं दोन डब्यांत भरलं होतं. जुन्या रजईची लाल चिंधी फाडून दोन्ही डब्यांना गाठ मारली होती. "हे आजाराचं विरजण. परत आला तर घरचं असावं, शेजारी मागायला जायला नको."

आणि वाटणीच्या दिवशी स्वतःच्या हातानं एक डबा या फ्रीझरात, एक त्या.

बुधवारी फ्रीझरच्या तळाला ही चिंधी बर्फाच्या पाण्यात सुटी पडलेली सापडली होती. धड आहे म्हणून थोरलीनं ती कडीला बांधली. आणि डबा? चरबीचा जुना डबा समजून तिनं तो बाकीच्यांबरोबर इथं आणला. गरम पाणी फक्त पिल्लांच्या खोलीत होतं, त्यांच्या उबेच्या गॅसच्या दिव्याखाली. इथं बसून, भुरीच्या कप्प्याला पाठ टेकून, तिनं तो काळपट गाळ ओतला होता. हातानं खरवडला होता. त्याच हातांनी मग भुरीची आचळं पुसली होती.

"अहो," ती म्हणाली. "अहो, मीच."

तिनं सगळं सांगितलं. मधे थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सासूबाईंचं चुकलं नव्हतं तसं. उपाय खरा आहे. पण वेळ चुकली की..."

"वेळ नाही, जागा चुकली. आणि सासूवर काही घालू नका, ती सांगून गेली होती." थोरलीनं हात पुढं केला. "तो कागद द्या. बाहेरचं कोण आलं होतं, तो."

डॉक्टरांनी फाइलमधून कागद काढून दिला. पेन तिच्या भेगाळलेल्या बोटांत नीट बसेना. तिनं धाकटीचं लिहिलेलं खोडलं, आणि कागद फाटेपर्यंत खोडत राहिली.

"आजी," बाटलीवाली म्हणाली. "डबे दोन होते म्हणालात."

थोरलीनं मान वर केली. धाकटीच्या डुकरिणी. साडेतीन आठवडे, म्हणाली होती. म्हणजे आज. वीज तिच्याकडचीही गेली होती.

"मी येतो बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही आलात तर तिला वाटेल परत चौकशी आली. मी जाते."

*

फाटक शंभर पावलांवर होतं. लाल दोरीशी येऊन थोरली थांबली. पुढं पाऊल टाकणार, तोच तिला आपल्या पायांतले बूट दिसले.

"धाकटे!"

धाकटी शेडमधून आली. बाह्या खांद्यापर्यंत वर, हात ओले. "तिथंच थांबा."

"थांबलेय. तुझा डबा कुठाय? लाल चिंधीचा?"

धाकटी दोन पावलं पुढं आली. "तुम्ही तुमचा उघडलात," ती हळू म्हणाली.

"पिल्लांच्या खोलीत धुतला. चरबीचा समजून."

"अगं आई गं." धाकटीनं ओला हात कपाळाला लावला. "मला वाटलंच नाही हो. वाटलं, थोरल्या आहेत, त्यांना कळत असेल. मला शिकवणाऱ्या तुम्ही."

"तुझा कुठाय?"

"पुरला. वरच्या बांधाला, कमरेइतका खड्डा करून, वर चुना. डबा उकळून घेतला." तिचा आवाज एकदम चढला. "बुधवारी तेच तर विचारायला आले होते! डबा वितळलाय, ठेवू का टाकू, तुमच्याचं काय केलंत. सासूबाईंनी जाताना सांगितलं होतं, डब्याची गाठ सोडायची तर थोरलीला विचारल्याशिवाय सोडू नकोस. एवढंच सांगितलं त्यांनी जाताना. दुसरं काही नाही."

थोरलीनं दोरी धरली.

"कागदावरचं खोडलं मी," ती म्हणाली. "वस्तीत मी स्वतः सांगेन. एकेका दारात जाऊन."

"सांगाच. पोती वाहून मान मोडली माझी." धाकटीनं डोळे मनगटानं पुसले. मग आत गेली, जंतुनाशकाची बादली घेऊन आली आणि दोरीपलीकडून थोरलीच्या पायांपुढं आदळली. पांढरं पाणी सांडलं. "पाय."

थोरलीनं एक पाय बादलीत घातला, मग दुसरा. दोन्ही पाय एका बादलीत घालून ती उभी राहिली, शाळेत शिक्षा केल्यासारखी. वरच्या रस्त्यानं सायकलवाला चालला होता. तो बघून गेला.

"आत नाही यायचं," धाकटी म्हणाली. "धुतलेत तरी."

"नाही येत."

धाकटी पळतच शेडमधे गेली. आतून डुकरिणीचा श्वास ऐकू येत होता, जड, तुटक. थोरलीनं मान तिरकी केली. व्यायला लागली होती. मग पहिली किंकाळी, बारीक, ओली. थोरलीचे ओठ हलले. एक. थोड्या वेळानं दुसरी. दोन. पाणी बुटांत शिरून बोटं बधिर झाली, पण ती हलली नाही. सहापर्यंत नीट चाललं होतं. मग आवाज थांबला. डुकरीण कण्हत होती. खूप वेळ काही आलं नाही.

"धाकटे," थोरलीनं स्वतःशीच म्हटलं. हाक मारायचा हक्क आपल्याला आहे का, हे तिला कळेना.

आतून धाकटीचा आवाज आला, दमलेला, अजून रागातला.

"जाऊबाई! एक विचारायचं होतं!"

थोरलीनं दोरीवर दोन्ही हात टेकले आणि पुढं वाकली.

"विचार," ती म्हणाली.